वाचनेच्छेचा लोप आणि पुनर्लाभ : मिल, डार्विन आणि अभिनवगुप्ताचा रसविघ्नविचार

वाचकलक्ष्यी समीक्षेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचकाला साहित्यव्यवहाराच्या केंद्रस्थानी आणले, हे आता नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वोल्फगांग इझरचा 'अध्याहृत वाचक' असो वा हान्स रोबर्ट याउसचे 'अपेक्षाक्षितिज', या संकल्पनांमुळे संहितेतील रिक्त जागा भरून काढणारा, अर्थनिर्मितीत सहभागी होणारा क्रियाशील वाचक समीक्षेला लाभला. मात्र या वाचकाविषयी एक गोष्ट गृहीत धरली गेली. ती अशी की, त्याला वाचावयाचे आहे. ज्याच्या हाती पुस्तक आहे, ज्याची नजर ओळींवरून फिरते आहे, ज्याला अर्थही नीट उमगतो आहे, परंतु ज्याची वाचण्याची इच्छाच सरली आहे, अशा वाचकाला या सिद्धांतव्यूहात जागा नाही. रोलाँ बार्थने १९७५ साली वाचनाविषयी केलेल्या एका भाषणात वाचनेच्छेच्या दमनाचा प्रश्न उपस्थित केला आणि वाचनाला आलेले कर्तव्याचे रूप व ग्रंथालय या दोन गोष्टींचा त्या संदर्भात विचार केला. तेथेही भर आहे तो इच्छा दडपली कशी जाते यावर. गेलेली इच्छा परत कशी येते, हा प्रश्न मागेच राहतो.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. वाचन ज्यांचा व्यवसाय झाला आहे अशांच्या बाबतीत इच्छेचा लोप लवकर ओळखूही येत नाही, कारण वाचन चालूच असते. प्रबंधासाठी, अध्यापनासाठी, परीक्षणासाठी पाने उलटली जातात, टिपणे काढली जातात, आणि आतून काहीही हलत नाही. हल्ली या अवस्थेचे खापर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फोडून मोकळे होण्याची रीत आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु या अवस्थेची सर्वांत काटेकोर वर्णने एकोणिसाव्या शतकातील आहेत आणि ती ज्यांनी लिहिली त्यांच्यासमोर कोणताही पडदा नव्हता. त्यांपैकी दोन वर्णने, जॉन स्टुअर्ट मिलचे आणि चार्ल्स डार्विनचे, येथे अभिनवगुप्ताच्या रसविघ्नविचाराच्या सान्निध्यात ठेवून पाहावयाची आहेत.

त्याआधी मराठी भाषा या इच्छेविषयी कसे बोलते, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. वाचनाची गोडी 'लागते', नाद 'लागतो', पुस्तकात मन 'लागते' किंवा 'लागत नाही'. भूक, तहान आणि झोप यांच्यासाठी असलेले क्रियापदच येथे योजले जाते. 'मला वाचनाची गोडी लागली' या वाक्यात वाचणारा कर्ता नाही. तो चतुर्थीत आहे, त्याच्या बाबतीत काहीतरी घडले आहे. त्याचबरोबर भाषेत 'गोडी लावणे' हे प्रयोजक रूपही आहे. म्हणजे स्वतःला आज्ञा करून जी गोष्ट साधत नाही, ती दुसऱ्या कोणाकडून साधू शकते. 'लावून घेणे' असा तिसराही प्रयोग आहे, पण तो सहसा सवयीच्या बाबतीत होतो आणि त्यात जरा बळजबरीचा वास असतो. पुढील विवेचनात या तिन्ही रूपांची गरज पडेल.

महाराष्ट्राने मिलला ओळखले ते मुख्यतः आगरकरांच्या पिढीच्या बुद्धिवादाचा आधार म्हणून. स्वातंत्र्याचा आणि स्त्रियांच्या हक्कांचा कैवारी असा हा मिल. त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या पाचव्या प्रकरणात मात्र वेगळाच मिल भेटतो. त्याचे बालपण ज्ञात आहे. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवता वडील जेम्स मिलने 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' (१८१७) लिहिला, तेव्हा मुद्रिते तपासण्याच्या कामी अकरा वर्षांचा मुलगा बापाला हस्तलिखित वाचून दाखवीत होता. सतराव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत रुजू झाला. विशीच्या आत त्याने बेंथमच्या न्यायविषयक पुराव्यावरील प्रचंड हस्तलिखितांच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. पुढे १८२७ साली तो ग्रंथ पाच खंडांत प्रसिद्ध झाला. इतके वाचलेला विशीतील दुसरा तरुण त्या काळच्या इंग्लंडमध्ये क्वचितच सापडला असता.

१८२६ च्या शरदात याच तरुणाने स्वतःला एक प्रश्न विचारला. समाजसुधारणेची आपली सर्व उद्दिष्टे या क्षणी सफल झाली, तर आपण सुखी होऊ काय? आतून नकार आला आणि सारी इमारत कोसळली. प्रस्तुत संदर्भात या प्रसंगाचा एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. मिल आपल्या आवडत्या ग्रंथांकडे वळला. भूतकाळातील थोरवीची ती स्मारके आजवर त्याला बळ देत आली होती. त्याने ती वाचली, पण काहीही वाटले नाही, किंवा पूर्वीचेच वाटले, पण त्यातील आनंद वजा होऊन. म्हणजे त्याचे वाचन थांबले नव्हते. कामही सवयीच्या जोरावर चालू होते. वाचनेच्छेच्या लोपाचे हेच खरे लक्षण होय. पुस्तक न उघडणे हे लक्षण सौम्य असते, आणि बहुधा त्यामागे थकव्याखेरीज काही नसते. पुस्तक उघडून, समजून, आणि तरीही त्याच्या बाहेरच राहणे, ही अवस्था गंभीर.

मिलने केलेली कारणमीमांसा समीक्षकांना अस्वस्थ करणारी आहे. पृथक्करणाची सवय भावना झिजवते, असे तो म्हणतो. शिक्षणाने सुखाशी आणि दुःखाशी जे साहचर्य जोडून दिलेले असते, ते पृथक्करण कुरतडत जाते, आणि त्या तोलाची दुसरी कोणतीही गोष्ट जोपासलेली नसेल, तर हाती केवळ विवेचनशक्ती उरते. होकायंत्र उत्तम, आणि शिडात वारा नाही! साहित्याच्या पदव्युत्तर वर्गांत जे शिकवले जाते, ते बहुतांशी हेच पृथक्करण असते.

इच्छा परतली ती कोणत्याही अभिजात ग्रंथातून नव्हे. मार्मोंतेल या अठराव्या शतकातील फ्रेंच लेखकाच्या आठवणी मिल सहज वाचत होता. बापाच्या मृत्यूचा प्रसंग आला, कुटुंबावर कोसळलेले संकट आले, आणि कोवळ्या वयाच्या मुलाला अचानक झालेली ती जाणीव आली की, या माणसांनी जे गमावले आहे त्याची जागा आता आपण भरून काढू. मिलच्या डोळ्यांत पाणी आले. त्या क्षणापासून त्याच्या मनावरचे ओझे हलके होत गेले. मनोविश्लेषणवादी अभ्यासकांनी या उताऱ्यात मिलची पितृमृत्यूची सुप्त इच्छा शोधली आहे. जेम्स मिलची करडी शिस्त ध्यानात घेता हा अन्वयार्थ सुचणे स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे. कारण उताऱ्याचा उत्कर्षबिंदू बापाचा मृत्यू नसून मुलाने इतरांसाठी स्वतःला पुढे करणे हा आहे. शिवाय त्या अन्वयार्थाने वाचनाविषयी काहीच उलगडत नाही. हे पुस्तक का, आणि आवडते ग्रंथ का नाहीत, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

या प्रश्नाला उत्तर देणारा धागा मिलच्या बायरनवाचनात आहे. खिन्नतेच्या ऐन भरात त्याने बायरन समग्र वाचून काढला, कारण उत्कट भावनांचा कवी अशी त्याची ख्याती होती. उपयोग शून्य झाला. या कवीची मनोवस्था आपल्यासारखीच होती, असे कारण मिल देतो. पुढे १८२८ च्या शरदात त्याने वर्ड्‌स्वर्थच्या १८१५ सालच्या द्विखंडात्मक संग्रहातील कविता हाती घेतल्या, त्याही कुतूहलापोटी, मोठी अपेक्षा न बाळगता. त्याच वर्ड्‌स्वर्थची 'द एक्स्कर्शन' ही दीर्घ रचना त्याने दोनतीन वर्षांपूर्वी चाळली होती आणि तीत त्याला फारसे काही आढळले नव्हते. या वेळी मात्र त्या लहान कवितांनी त्याला सावरले. वर्ड्‌स्वर्थहून थोर कवी आहेत, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. पण आपल्याला त्या घडीला जे हवे होते ते थोर कवींकडून मिळाले नसते, असेही म्हणतो. ग्रंथाची थोरवी आणि ग्रंथाची उपकारकता यांतील हा फरक वाङ्मयीन महात्मतेच्या चर्चेत फारसा विचारात घेतला जात नाही.

डार्विनची कहाणी याच्या उलट दिशेने जाते. १८७६ साली कुटुंबीयांसाठी लिहिलेल्या आणि १८८७ मध्ये, मृत्यूनंतर, काटछाट करून प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तो सांगतो की, तिशीपर्यंत किंवा त्याहीनंतर मिल्टन, ग्रे, बायरन, वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज, शेली यांच्या काव्याने त्याला मोठा आनंद दिला. मिलला ज्यात काही सापडले नव्हते ती 'द एक्स्कर्शन' डार्विनने दोनदा साद्यंत वाचली होती. पुढे मात्र कवितेची एक ओळ सहन होईना. शेक्सपिअर पुन्हा वाचू पाहिला, तर तो असह्य कंटाळवाणा वाटला. आपले मन तथ्यांच्या ढिगाऱ्यातून सामान्य नियम दळून काढणारे यंत्र बनले आहे, असे तो लिहितो. पुन्हा आयुष्य जगायला मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी काही कविता वाचण्याचा आणि काही संगीत ऐकण्याचा नियम करीन, हा त्याचा प्रसिद्ध उद्गार त्यानंतरचा.

हा उद्गार उपदेशाच्या पुस्तकांत वारंवार येतो. त्याच परिच्छेदांच्या आसपास असलेली दुसरी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. डार्विनची वाचनेच्छा संपूर्ण गेली नव्हती. इतिहास, चरित्रे, प्रवासवर्णने त्याला पूर्वीसारखीच रोचक वाटत. आणि कादंबऱ्या तर त्याला विलक्षण आवडत. त्या त्याला वाचून दाखवल्या जात. त्या फार थोर असाव्यात असा त्याचा आग्रह नव्हता. शेवट गोड असावा, एवढीच अट होती. दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदाच व्हायला हवा, असे तो थट्टेने म्हणतो. स्वतःच्या रुचीच्या ऱ्हासाचा पंचनामा करताना त्याने या श्रवणाला वाचनाच्या जमेस धरलेले नाही. येथे डार्विनने स्वतःवर अन्याय केला आहे. पत्नी एमाच्या आवाजातून जी गोष्ट त्याच्यापर्यंत दररोज पोहोचत होती, ती त्याच्या वाचनेच्छेची उरलेली जिवंत मुळी होती. शेक्सपिअरकडे थेट जाऊन जे साधले नाही, ते या मुळीला पाणी घालून साधले असते काय, हे आता सांगता येणार नाही. वाचून दाखवणाऱ्या स्त्रीचे श्रम अशा आत्मकथनांत पार्श्वभूमीला राहतात. मराठीत रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये हीच बाजू पुढे येते. न्यायमूर्तींच्या अधू दृष्टीमुळे त्यांना वाचून दाखवणाऱ्या रमाबाई तेथे स्वतः बोलतात. घरातील बायकांचा विरोध सोसून, पतीच्या आग्रहाखातर सुरू झालेले वाचन स्वतःचे कसे होत गेले, याचाही तो आलेख आहे. 'गोडी लावणे' या प्रयोजक रूपाचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

मिल म्हणतो, अतिवापराने भावना झिजली. डार्विन म्हणतो, न वापरल्याने रुची खुरटली. कोणाचे मानावे? दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मिरात लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताला हा पेच अपरिचित वाटला नसता. 'ध्वन्यालोकलोचना'त तो सहृदयाचे लक्षण सांगतो, ते असे की, काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला आहे, ते सहृदय. येथे अभ्यास झिजवत नाही, उजळवतो. तेव्हा मिलच्या अनुभवाचा अर्थ इतकाच निघतो की, त्याने ज्याला अभ्यास म्हटले ते अनुशीलन नव्हते. वस्तूशी तन्मय होणे आणि वस्तू उकलणे या दोन क्रिया एकाच नावाखाली वावरतात, विद्यापीठांत तर विशेषच.

परंतु अधिक उपयोगाचा भाग 'अभिनवभारती'त आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील विवरणात अभिनवगुप्त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगतो. त्यांतील एक म्हणजे 'निजसुखादिविवशीभाव'. स्वतःच्या सुखदुःखाने जो विवश झालेला आहे, त्याची जाणीव दुसऱ्या वस्तूत विसावणार कशी, असा हा प्रश्न आहे. त्यावरचा त्याचा तोडगा लक्षणीय आहे. प्रेक्षकाने मन आवरावे, असे तो सांगत नाही. गायन, वाद्य, सुशोभित मंडप, निपुण नर्तकी यांची योजना त्यासाठीच असते आणि त्यामुळे अहृदय मनुष्यही हृदय निर्मळ होऊन सहृदय केला जातो, असे तो म्हणतो. रचना कर्मणी आहे. तो सहृदय होत नाही, केला जातो. मराठीतील 'लागणे' आणि 'लावणे' यांच्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही.

ही विघ्नकल्पना वाचनाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे उघड आहे. एकांतात बसलेल्या वाचकाभोवती मंडप नसतो. शिवाय मिलचा अनुभव येथे एक दुरुस्तीही सुचवतो. संगीताकडे तोही वळला होता. ऐन निराशेत त्याचा काही उपयोग झाला नाही. वेबरच्या 'ओबेरॉन' या संगीतिकेने त्याला अपार आनंद दिला खरा, पण तो ओहोटी संपून भरती लागल्यानंतर. म्हणजे बाह्य उपायही विघ्नाच्या पहिल्या तडाख्यात निष्प्रभ ठरू शकतात. पहिली फट पाडली ती दुसऱ्याच्या दुःखाने, आणि तेही योग्य अंतरावरच्या. बायरनचे दुःख फारच जवळचे होते. त्याने 'निज' अधिकच घट्ट केले. आवडत्या ग्रंथांतील थोरवी फार दूरची झाली होती. मार्मोंतेलचा मुलगा मधल्या अंतरावर उभा होता.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना या अंतराचे नेमके वर्णन करते. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावणे, यात वाङ्मयानंद आहे, असे केळकरांचे प्रतिपादन. पुढील मराठी समीक्षेने या कल्पनेची चर्चा आनंदमीमांसेच्या अंगाने पुष्कळ केली. ती विघ्नमीमांसेच्या अंगानेही वाचता येते. समाधीला 'विकल्प' हवा. स्व आणि पर या दोन्ही भूमिका जाग्या असाव्यात. मिलच्या बायरनवाचनात पर उरला नाही. डार्विनच्या शेक्सपिअरवाचनात, निदान त्याच्या स्वतःच्या साक्षीप्रमाणे, स्वच यंत्रवत झाला होता.

डार्विनच्या साप्ताहिक नियमाचे काय? मराठी परंपरेत अशा नियमाला शतकांचा आधार आहे. चातुर्मासात लावलेली पोथी, श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप', रोज एक अध्याय, एकाने वाचावयाचा आणि बाकीच्यांनी ऐकावयाचा. पारायण इच्छेची वाट पाहत नाही. आज मन नाही म्हणून अध्याय चुकत नाही. इच्छा गेली तरी तिची जागा मोडत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. ती इच्छेविनाही चालते म्हणून कोरडी होऊ शकते, हा तिचा दोष. समर्थांना हा दोष चांगला ठाऊक होता. 'दासबोधा'च्या अठराव्या दशकातील अखेरचा समास श्रोत्याच्या अवलक्षणांसाठीच खर्ची पडला आहे, आणि त्याआधीचा समास, योगायोगाने म्हणा, झोपेविषयी आहे! पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, हेही विसरता कामा नये. ऐकणाऱ्याला पुत्र, धन, आरोग्य यांचे आश्वासन मिळते. विद्यापीठीय वाचनाची फलश्रुती श्रेयांक आणि पदोन्नती यांच्या भाषेत लिहिलेली असते. फरक एवढाच की, पोथीला श्रोते असत. या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण पोथीपुढे कोणी बसावे आणि कोणी वाचावी हे जातीने व लिंगाने ठरत आलेले आहे. पण नियम आणि श्रवण यांची तिने घातलेली सांगड डार्विनच्या हातून सुटलेली होती. त्याच्याकडे श्रवण होते, पण त्याला तो वाचन मानत नव्हता. नियम सुचला तेव्हा तो एकट्याने पाळावयाचा सुचला. 'लावून घेणे' हे 'लावणे' नव्हे.

एकांतातील वाचकाला मंडप कोठून मिळावा, या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मार्सेल प्रूस्तच्या रस्किनभाषांतराच्या प्रस्तावनेत (१९०५) सापडते. ग्रंथवाचन म्हणजे थोरांशी संभाषण, हे रस्किनचे मत तो नाकारतो. संभाषणात एकांत मोडतो. वाचनात मात्र दुसऱ्याच्या मनाचा धक्का मिळूनही एकांत अभंग राहतो. इच्छाशक्ती गोठलेल्या रुग्णाला वैद्य जसा बाहेरून चालना देतो, तशी काही आळसावलेल्या मनांना पुस्तके देऊ शकतात, पण ती उंबरठ्यापर्यंतच नेतात, असे त्याचे म्हणणे. त्याच्या महाकादंबरीच्या अखेरच्या भागात (१९२७) निवेदकाची साहित्यावरची श्रद्धा गाँकूर बंधूंच्या रोजनिशीची (प्रूस्तनेच रचलेली) पाने वाचून पार ढासळते. पुढे गेर्मांतांच्या ग्रंथालयात त्याच्या हाती येते ते जॉर्ज सँडचे 'फ्रांस्वा ल शांपी'. ती कादंबरी असामान्य नाही, हे निवेदकाला ठाऊक आहे. पण बालपणीच्या एका रात्री आईने, प्रेमप्रसंग गाळून गाळून, ती त्याला वाचून दाखवलेली असते. मार्मोंतेल, डार्विनच्या गोड शेवटाच्या कादंबऱ्या, सँड. इच्छा परतते ती दुय्यम मानलेल्या पुस्तकांच्या आडवाटेने, आणि त्या वाटेवर कोणाचा तरी आवाज असतो. अभ्यासक्रम ठरवणारी मंडळे या आडवाटेचा विचार करीत नाहीत, कारण तिची यादी करता येत नाही.

परतलेली इच्छा पूर्वीचीच असते असेही नाही. १८२९ च्या प्रारंभी लंडनच्या वादविवाद मंडळात मिल आणि त्याचा जवळचा मित्र रोबक प्रथमच परस्परांविरुद्ध उभे राहिले. विषय होता बायरन आणि वर्ड्‌स्वर्थ यांची तुलना. रोबक बायरनच्या बाजूने, मिल वर्ड्‌स्वर्थच्या. जॉन स्टर्लिंगनेही त्यात आपला वेगळा काव्यविचार मांडला. पुढे मिल आणि रोबक यांच्यातील अंतर वाढत गेले आणि स्टर्लिंग मिलचा जिवलग झाला. वाद दोन संध्याकाळी चालला. दोघांनीही आपापल्या कवीची बाजू मांडताना कवितांचे दीर्घ पठण केले.